देवगड बाजारातली आमची लॅब: थायरॉईड आणि किडनीची तपासणी

आई ६७ वर्षांची. चेहरा फुगलेला, आवाज घोगरा, आणि भर मे महिन्यात अंगावर गोधडी. एका शिबिरात क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.६ निघालं आणि वाडीत एकच बोलणं सुरू झालं, 'किडनी गेली.' डाळ बंद, मासे बंद. आई पेजेवर आली.

मग आम्ही बाजारातल्या या लॅबमध्ये गेलो. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आधी आईलाच विचारलं, "काकी, थंडी फार वाजते? पोट साफ होतं?" आमच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी टीएसएचही (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं हार्मोन) जोडून घेतलं. ते आलं ७८. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावं लागतं.

रिपोर्ट हातात देऊन वाटेला लावलं नाही, यासाठी माझे पूर्ण गुण. मॅडमनी बसवून सांगितलं: थायरॉईड मंदावला की हृदय कमी रक्त पुढे ढकलतं, किडनीकडे रक्त कमी पोचतं, गाळण्याचं काम मंदावतं. म्हणून क्रिएटिनिन चढतं, आणि गोळी सुरू झाली की बऱ्याचदा उतरतं. पण किडनीचा आजार वेगळाही असू शकतो, तेव्हा लघवीतलं प्रोटीन आणि सोनोग्राफी करा, दोन्ही रिपोर्ट फिजिशियनना एकत्र दाखवा, हेही त्यांनी बजावलं. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खोटा धीर कुणीही देतं.

प्रोटीन आणि सोनोग्राफी दोन्ही ठीक निघाले. फिजिशियननी लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉईडची गोळी लहान डोसने सुरू करून हळूहळू वाढवली. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियमची गोळी चार तास लांब. आईचा पहाटेचा चहा पुढे ढकलणं हेच खरं कठीण होतं! काही महिन्यांत टीएसएच जागेवर आलं, क्रिएटिनिन १.१. आता ती बांगड्याचं तिखलं पोटभर जेवते.

घरून रक्त न्यायला येणारा मुलगा पावसातही सातच्या आत वाडीत हजर असतो, नमुना बर्फाच्या डब्यात ठेवतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेता का, हे तो आवर्जून विचारतो, कारण त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात.

उणं म्हणाल तर रिपोर्ट फक्त इंग्रजीत, आणि बसायला दोनच बाकडी. म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं. घरी बोलवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा. गणपतीत मुलगा सुट्टीवर असतो, तेव्हा तपासणी त्याआधीच उरका.