डीव्हीडीच्या खणात दुसरी हार्ड डिस्क : दोन कॅड्या आणि एक कारागीर

सप्टेंबरात दिवाळी अंकाचं काम ऐन भरात होतं. १६८ पानांपैकी ९० पानं लागली होती आणि लॅपटॉपच्या उजव्या बाजूने ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग पडद्यावरची फाइल गोठली आणि माय कॉम्प्युटरमधून डी ड्राइव्ह नाहीशी झाली. माझं बारा वर्षांचं अक्षरजुळणीचं काम त्या डी ड्राइव्हवर आहे. मराठी टायपिंगच्या श्रीलिपी सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली, लेखकांनी दिलेले फोटो, मुखपृष्ठं, सगळं तिथेच. अशा वेळी पोटात काय होतं ते ज्याचं गेलंय त्यालाच कळेल.

माझा लॅपटॉप २०१५चा. जुनी सॉफ्टवेअरं त्यावर नीट चालतात, म्हणून तो सोडवत नाही. पण सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घ्यायचा. म्हणून त्या आवाजाच्या चार महिने आधी भाचा म्हणाला, “मावशी, मुख्य जागेवर ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, टाकू. जुनी १ टीबीची डिस्क डीव्हीडीच्या खणात कॅडीत बसवू.” कॅडी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्याच मापाची चौकट. आत अडीच इंची डिस्क बसते, मागच्या बाजूला लॅपटॉपला लागणारा कनेक्टर असतो. बाहेरची यूएसबी डिस्क मला नको होती. माझ्या फाइलींमधल्या चित्रांचे दुवे ‘डी’ या अक्षराशी बांधलेले आहेत, आणि टेबलावर प्रुफांच्या गठ्ठ्यांत वायरला लोंबकळणारी डिस्क कधी ना कधी खाली येणारच.

पहिली कॅडी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत घेतली, ३५० रुपयांना. दुकानदाराने लॅपटॉपचं मॉडेल विचारलं नाही, जाडीही विचारली नाही. घरी आणली तर खणात शिरेना. तेव्हा समजलं की या कॅड्या मुख्यतः दोन जाडींच्या येतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. माझी ड्राइव्ह ९.५ची. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणली. तुम्ही घेणार असाल तर आधी डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढून तिच्या कडेला पट्टी लावा. बहुतेक लॅपटॉपांत खालचा एक स्क्रू काढला की ती सरकून बाहेर येते. मॉडेलच्या नंबरावरून अंदाज बांधू नका.

बसवायला अर्धा तास पुरला. डीव्हीडीच्या ट्रेच्या तोंडावरची प्लास्टिकची पट्टी कॅडीला लावावी लागते, नाहीतर लॅपटॉपच्या कडेला भोक दिसत राहतं. ट्रेच्या तोंडावरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप खुपसायची, ट्रे थोडा बाहेर येतो, मग ती पट्टी खाचेतून सुटते.

पहिल्या दिवशी लॅपटॉप सुरू केला तर पूर्वीसारखाच रडतखडत. नवी एसएसडी घालून फरक शून्य! सी ड्राइव्ह ४६५ जीबीची दिसायला हवी होती, दिसली जुनीच १९५ जीबीची. म्हणजे लॅपटॉप कॅडीतल्या जुन्या डिस्कवरून सुरू होत होता. भाच्याने जुन्या डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली होती, म्हणून दोन्हींवर सुरू होण्याची सोय होती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सुरू होण्याचा क्रम बदलला, एसएसडी वर घेतली. लॅपटॉप वीस सेकंदांत उभा राहिला. पण आता जुनी डिस्क गायब!

इथे घाबरून पुष्कळ लोक चूक करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. बायोसमध्ये डिस्क दिसत होती, विंडोजमध्ये नाही. बायोसमध्येच दिसली नसती तर शोध कनेक्टर, कॅडी किंवा बायोसमध्ये बंद ठेवलेलं पोर्ट या दिशेने घ्यावा लागला असता. काही कॅड्यांवर नखाने सरकवायचा एक बारीक स्विचही असतो. डिस्क ओळखली जात नसेल तर लॅपटॉप बंद करून त्याची जागा बदलून बघायची. माझ्याकडे बायोसला दिसत होती, म्हणजे प्रश्न विंडोजचा. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर जुन्या डिस्कसमोर ‘ऑफलाइन’. कारण साधं आहे. हुबेहूब नक्कल केली की दोन्ही डिस्कांची ओळखसही एकच होते, आणि विंडोज एकाच सहीच्या दोन डिस्का एका वेळी चालू देत नाही. राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ केलं की ती त्या डिस्कला नवी सही देते. मात्र त्यानंतर जुन्या डिस्कवरची विंडोज सुरू होईलच असं नाही, म्हणून आधी एसएसडीवरून दोन-चार वेळा नीट सुरू होतंय ना ते बघून घ्या. आणि डेटा असलेल्या डिस्कबद्दल विंडोज ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असं विचारू लागली तर ‘कॅन्सल’ करा. हे मी हात जोडून सांगते आहे.

डिस्क परत आली, पण ‘ई’ हे अक्षर घेऊन. पानांमधली सगळी चित्रं हरवलेली! डिस्क मॅनेजमेंटमध्येच अक्षर बदलून ‘डी’ केलं आणि एकूण एक चित्र जागेवर आलं.

चार महिने सुखात गेले. मग सप्टेंबरातला तो टक्-टक् आवाज.

लॅपटॉप बंद करून सुरू केला की डिस्क दिसायची, मोठी फाइल उघडली की जायची. लॅपटॉप झोपवून उठवला तर हमखास जायची. घराजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने कानाशी धरून आवाज ऐकला आणि म्हणाला, “डिस्क गेली मॅडम. नवी डिस्क आणि डेटा रिकव्हरी धरून साडेनऊ हजार, डेटा मिळेल याची गॅरंटी नाही.” स्क्रू उघडला नाही, काही जोडून पाहिलं नाही. मला राग आला तो पैशांचा नाही. माणसाचं बारा वर्षांचं काम हातात घेऊन दोन मिनिटांत ‘गेली’ म्हणायचं, याचा आला.

छापखान्यातल्या एकांनी शनिवार पेठेतल्या एका कारागिरांकडे पाठवलं. जिन्याखाली एक टेबल, त्यावर सोल्डरिंगची इस्त्री, भिंग आणि झाकण काढलेला एक डेस्कटॉप. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी मध्ये एक शब्द बोलला नाही. मग विचारलं, “ताई, आवाज सुरू झाल्यावर यावर किती लिहिलंत?” मी म्हटलं, काहीच नाही, हात लावायची हिंमत झाली नाही. म्हणाले, “बरं केलंत.”

त्यांनी डिस्क कॅडीतून काढून डेस्कटॉपच्या साध्या साटा केबलला (डिस्क जोडायच्या नेहमीच्या वायरला) लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती त्यात वाचता येते. त्यांनी मला तीन ओळी दाखवल्या. ०५, म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेल्या जागा : शून्य. सी५, म्हणजे वाचता न येणाऱ्या, निकालाची वाट बघणाऱ्या जागा : शून्य. सी७ समोर मात्र ७३६. त्यांनी सेटिंगमध्ये काहीतरी बदललं आणि आकडा झाला १८४६. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतं, ते दहाच्या पद्धतीत करून घ्यावे लागतात.

सी७ म्हणजे डिस्क आणि लॅपटॉप यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेली देवाणघेवाण. तबकडी चांगली, लिहिलेलं चांगलं, पण जाता-येता मजकूर तुटतो आणि पुन्हा पाठवावा लागतो. हा आकडा डिस्कच्या जन्मापासूनचा असतो आणि कधीच कमी होत नाही. त्यामुळे तो मोठा आहे एवढ्याने काही ठरत नाही, तो वाढतोय का ते बघायचं. त्यांनी आधी माझ्या सगळ्या फाइली त्यांच्याकडच्या एका डिस्कवर उतरवल्या. पाच तास लागले. सी७ १८४६वरच. मग डिस्क पुन्हा कॅडीत घातली, कॅडी लॅपटॉपमध्ये सरकवली आणि १० जीबीची कॉपी लावली. मध्येच टक् झालं, कॉपी अडखळली, पुढे गेली. सी७ : १८७७. एकतीसने वाढला.

“डिस्क ठणठणीत आहे, ताई. दोष या खोक्याचा.”

भिंगाखाली त्यांनी कॅडीतला कनेक्टर दाखवला. डीव्हीडी ड्राइव्हच्या कनेक्टरला विजेच्या फक्त सहा पिना असतात, हार्ड डिस्कच्या विजेच्या कनेक्टरला पंधरा. डेटाच्या सात पिना दोन्हींकडे सारख्याच. या सहाच्या पंधरा करायचं काम कॅडीतल्या छोट्या हिरव्या पट्टीकडे असतं. माझ्या कॅडीत ती पट्टी प्लास्टिकच्या दोन खुंट्यांवर नुसती टेकवलेली होती. डिस्क आत ढकलली की पट्टी मागे झुकायची आणि डिस्क व कनेक्टर यांच्यात नखाएवढी फट राहायची. त्यांनी पोस्टकार्डाचा तुकडा त्या फटीत घातला, तो सहज गेला. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क सगळं ५ व्होल्टवर चालवते आणि फिरायला लागताना तिला सर्वांत जास्त वीज लागते. नेमकी तेव्हा सैल पिनेतून वीज तुटली की आतलं वाचकडोकं झटक्याने मागे जाऊन आपल्या जागी बसतं. तोच तो टक्. झोपेतून उठवल्यावर डिस्क का जायची तेही मग उमगलं. उठताना तबकडी पुन्हा पहिल्यापासून फिरवावी लागते.

त्यांनी तपासणीचे ३०० रुपये घेतले. वर म्हणाले, “कॅडी माझ्याकडूनच घ्या असं नाही, पण पट्टी स्क्रूने कसलेली आणि चौकट धातूची बघा.” जास्त देऊ केले, घेतले नाहीत.

दुसरी कॅडी ६५० रुपयांची घेतली. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, कनेक्टरची पट्टी दोन स्क्रूंनी आवळलेली, डिस्कला बाजूने चार स्क्रू. सोबत एक काळा प्लास्टिकचा आडवा तुकडा येतो. तो डिस्कच्या मागच्या टोकाला अडकवायचा, म्हणजे डिस्क कनेक्टरपासून मागे सरकत नाही. बरेच जण तो पाकिटातच ठेवतात. तसं करू नका, खरी पकड त्याचीच आहे. आता मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्ककडून याहून जास्त मागणं बरोबर नाही.

तक्रारी उरल्याच आहेत. मूळ जागेत डिस्कला रबराची गादी होती, कॅडीत नाही. त्यामुळे उजवा तळवा टेकवला की बारीक थरथर जाणवते, पान लावताना ती खुपते. बॅटरी पूर्वीपेक्षा पाऊण तास लवकर संपते. आणि डिस्क फिरत असताना लॅपटॉप उचलायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. एसएसडी कॅडीत आणि जुनी डिस्क गादीच्या जागेवर, असंही करता आलं असतं. पण अनेक लॅपटॉपांत डीव्हीडीच्या पोर्टचा वेग मुख्य पोर्टपेक्षा कमी असतो. विंडोज ज्यावर आहे ती डिस्क वेगवान पोर्टवरच बरी, असं मी ठरवलं. दोन डिस्का एकाच लॅपटॉपमध्ये असल्या तरी त्या एकाच पिशवीतून चोरीला जातात. म्हणून दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढते आणि ती डिस्क धाकट्या बहिणीच्या कपाटात असते.

लॅपटॉपच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘सी७ – १८७७’. नवी कॅडी बसवून पाच महिने झाले, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बघते. आकडा हललेला नाही. दिवाळी अंक वेळेवर छापायला गेला.

काढलेली डीव्हीडी ड्राइव्ह मात्र टाकू नका. तिच्यासाठी यूएसबीचं पातळ खोकं मिळतं, ते घेतानाही जाडी आधी मोजा. गेल्या आठवड्यात एक लेखक आजोबा आपल्या गावाच्या इतिहासासाठी २००९ साली काढलेले फोटो सीडीवर घेऊन आले. ती ड्राइव्ह जोडली, ७१२ फोटो होते, एकही खराब निघाला नाही.