नंबराचा स्नॉर्केलिंग मास्क : चष्मेवाल्यांच्या दृष्टीने एक परीक्षण

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे नळीने श्वास घेत, मास्कमधून पाण्याखालचे पाहत तरंगण्यासाठी, हिवाळ्यात कितीतरी कुटुंबे जातात आणि त्यांतले चष्मेवाले बहुधा पाण्याखालचे जग धूसरच पाहून परत येतात. होडीत मिळणारे मास्क साध्या काचेचे असतात. "चष्मो काढून ठेवा, पाण्यात सगळा मोठाच दिसता," असे होडीवाले आपुलकीने सांगतात आणि ते खोटेही नसते. पण धूसर मासा मोठा झाला, तरी तो धूसरच राहतो. ज्यांचा नंबर उणे तीनच्या पुढे आहे, त्यांनी प्रवास, मुक्काम आणि होडी यांवर एवढा खर्च करण्याआधी नंबराचा मास्क घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रेसी या इटालियन कंपनीचा 'फोकस' हा दोन काचांचा मास्क मी नंबराच्या काचा बसवून वापरत आहे. हे परीक्षण त्या मास्कचे आहेच, परंतु त्याहून अधिक ते त्याच्या निवडीमागच्या हिशेबाचे आहे, कारण अशा घडणीचे मास्क इतर कंपन्याही करतात आणि हिशेब सर्वांना सारखाच लागू पडतो.

आधी पाण्यात नेमके काय होते, ते पाहू. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) असते आणि तिचा दोन तृतीयांश भाग कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा असतो. ही शक्ती हवा आणि कॉर्निया यांच्या अपवर्तनांकांतील, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेतील, फरकातून येते. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33 आणि कॉर्नियाचा 1.376 असल्यामुळे उघडा डोळा पाण्याला टेकला, की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि उत्तम नजरेच्या माणसालाही समोरचे सारे विरघळल्यासारखे दिसते. मास्क डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राखतो आणि कॉर्नियाला त्याचे काम परत करता येते. मात्र सपाट काचेतून येणारा प्रकाश पाण्यातून हवेत शिरताना वाकतो, म्हणून वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. होडीवाले म्हणतात ते हेच.

अंतर कमी भासत असल्यामुळे सौम्य नंबराच्या लोकांना खरोखरच काही सवलत मिळते. उणे एकच्या आसपास नंबर असेल आणि पाणीच काही मीटरपलीकडचे दिसू देत नसेल, तर साध्या काचेवर भागते. उणे दोनच्या पुढे हे समाधान टिकत नाही. उणे पाच नंबराच्या डोळ्याला चष्म्याशिवाय सुमारे 20 सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसते. पाण्यातली सवलत धरूनही हे अंतर 27 सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे हात लांब केला, तरी बोटे धूसरच.

आता मास्कच्या निवडीकडे येतो. नंबराचा विचार नंतर करावा, आधी चेहरा पाहावा, कारण चेहऱ्यावर न बसणाऱ्या मास्कमध्ये अचूक नंबर घालूनही काही हाती लागत नाही. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवावा, कपाळावरचे केस मागे सारावेत, नाकाने हलकेच श्वास आत ओढून रोखावा आणि हात सोडावेत. मास्क जागच्या जागी चिकटून राहिला, तर तो आपला. गालाजवळून हवा सुटल्याचा बारीक आवाज आला, तर बाजूला ठेवावा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट सिलिकॉनची कड मुडपून ती वाढते. मिशा राखणाऱ्यांना नाकाखालून पाणी शिरण्याचा त्रास हमखास होतो. तिथली केसांची बारीकशी पट्टी कातरून घेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. ते नको असेल, तर सिलिकॉन ग्रीस लावावे. काचेवर 'टेम्पर्ड' असा शब्द किंवा 'टी' हे अक्षर कोरलेले आहे का, हेही पाहून घ्यावे, कारण साधी काच फुटली, तर धारदार तुकडे थेट डोळ्यांपाशी असतात.

नाक मास्कच्या आत असले पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे. काही जण नंबराचा पोहण्याचा गॉगल घेऊन समुद्रात उतरतात. पृष्ठभागावर तो चालतो, पण दोन-तीन मीटर खाली बुडी मारताच पाण्याच्या दाबाने तो डोळ्यांना ओढू लागतो, आणि नाकाने थोडी हवा आत सोडून हा दाब समान करण्याची सोय त्यात नसते.

दोन काचांचा मास्क निवडण्याचे कारण असे, की त्याच्या काचा वेगवेगळ्या काढून त्या जागी नंबराच्या तयार काचा बसवता येतात. एकाच अखंड काचेच्या मास्कमध्ये तसे होत नाही; तिथे आतून काच चिकटवून घ्यावी लागते. तयार काचा उणे एकपासून पुढे अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात. या काचांची घडण मला फार आवडली. त्यांची पाण्याकडची बाजू पूर्ण सपाट असते आणि सगळा बाक डोळ्याकडच्या, हवेच्या बाजूला दिलेला असतो. त्यामुळे बाहेर पाणी असो वा हवा, काचेचा नंबर बदलत नाही. दुकानात मास्क लावून समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत असतील, तर पाण्यातही तेवढेच स्वच्छ दिसेल, असा निर्धास्त अंदाज बांधता येतो. चष्म्याची बाहेर फुगीर असलेली काच पाण्याला टेकली असती, तर हे साधले नसते.

तयार काचांमध्ये सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, मात्र नसतो, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवरून थोडे गणित करावे लागते. सिलिंडरचा निम्मा आकडा मूळ नंबरात मिळवायचा. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे 4.25 आणि सिलिंडर उणे 0.50 आहे, त्याचा निम्मा 0.25 मिळवला, की उणे 4.50 येतो आणि ती काच तयार मिळते. डाव्या डोळ्याचा नंबर उणे 5.25 आणि सिलिंडर उणे 1.00, म्हणजे मिळून उणे 5.75. हा आकडा दोन टप्प्यांच्या मधोमध पडतो. अशा वेळी सौम्य बाजूची काच घ्यावी, म्हणून मी उणे 5.50 घेतली. गरजेपेक्षा जास्त उणे काच लावली, तर डोळ्याला जवळचे पाहण्यासाठी सतत ताण घ्यावा लागतो. तरुणपणी तो जाणवत नाही, पण चाळिशी लागल्यावर त्याने डोके धरते.

या हिशेबात आणखी दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध काम करतात. मास्कची काच चष्म्याच्या काचेपेक्षा डोळ्यापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अधिक दूर असते आणि उणे काच दूर गेली, की तिचा प्रभाव घटतो, म्हणून थोडी जास्त शक्ती हवी. उलट, पाण्यात आपण पाहतो त्या वस्तू दोन-चार मीटरवरच्या असतात आणि भासतात त्याहून जवळ, म्हणून थोडी कमी शक्ती पुरते. मधल्या नंबरांत या दोन गोष्टी साधारण एकमेकींना फेडतात. नंबर मोठा असेल, तर मात्र अंतराचा प्रभाव वरचढ ठरतो. चष्मा उणे आठचा असेल आणि मास्कची काच दीड सेंटिमीटर पुढे असेल, तर दूरचे तेवढेच स्पष्ट दिसण्यासाठी नंबर उणे नऊच्या पलीकडे जातो. म्हणून मोठ्या नंबराच्या लोकांनी कागदावरच्या गणितावर न थांबता काचा डोळ्यांपुढे धरूनच निर्णय घ्यावा. तयार काचांचा मध्य ठरावीक जागी असतो. आपल्या दोन बाहुल्यांमधले अंतर त्याच्याशी जुळत नसेल, तर मोठ्या नंबरात डोळे ओढल्यासारखे वाटतात, तेही तेव्हाच कळून येते.

सिलिंडर दीड-दोनच्या पुढे असेल, तर निम्म्याचे गणित अपुरे पडते आणि उभ्या-आडव्या रेघांपैकी एक पुसटच राहते. अशांनी आपल्या नंबराची काच घासून मास्कच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्यावी. यात सिलिंडर, त्याचा अक्ष आणि बाहुल्यांमधले अंतर या तिन्ही गोष्टी सांभाळता येतात, पण हे काम सरसकट प्रत्येक चष्म्याच्या दुकानात होत नाही आणि वेळही लागतो. सहलीच्या आदल्या आठवड्यात सांगून ते होणार नाही.

खरेदी मी पुण्यातल्या एका डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात केली. विक्रेत्याने माझी चिठ्ठी नीट वाचली, माझ्यासमोर काचा बदलल्या आणि प्रत्येक डोळा झाकून दुसऱ्याने पाहायला लावले. उजव्या डोळ्याची काच तयार होती, डाव्याची मागवावी लागली. दोन्ही काचांचे पैसे मास्कच्या किमतीपेक्षा जास्त पडले, हे आधीच ठाऊक असलेले बरे. अधिक (प्लस) नंबराच्या काचांचे पर्याय बरेच कमी होते. माझ्या एका परिचितांनी ऑनलाइन मागवल्या, तेव्हा दोन्ही काचा उजव्या बाजूच्याच आल्या. डावी आणि उजवी काच आकाराने वेगळी असते, हे त्या विक्रेत्याच्या लक्षातच आले नव्हते. या कारणासाठी आणि चेहऱ्यावर बसवून पाहण्यासाठी दुकानात जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पाण्यातला फरक शब्दांत सांगायचा, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडकांवर जो सार्जंट मेजर नावाचा मासा सर्रास दिसतो, त्याचेच उदाहरण घेतो. साध्या मास्कमधून तो मला पिवळसर हलता ठिपका दिसत असे. नंबराच्या काचांतून त्याच्या अंगावरचे पाच काळे पट्टे मोजता आले, पाठीवरचा पिवळा रंग पोटाकडे जाताना कसा फिकट होतो, ते दिसले आणि मासा वळताना कल्ल्याची झडप उघडमिट करते, तेही. पोपटमासा खडक खरवडतो, तेव्हा दगडावर उमटलेल्या त्याच्या चोचीच्या फिकट खुणा मी या मास्कमधून पहिल्यांदा पाहिल्या. याहून महत्त्वाचा भाग सुरक्षिततेचा आहे. खडकाच्या कपारीतले समुद्री साळिंदराचे काटे हात टेकण्याआधी दिसले पाहिजेत, वाटाड्याची खूण ओळखता आली पाहिजे आणि डोके वर काढल्यावर चार होड्यांमधून आपली होडी कोणती, हेही कळले पाहिजे. उणे पाच नंबराच्या माणसाला साध्या मास्कमध्ये यांतले काहीच धड जमत नाही, आणि पाण्यात आधीच धास्तावलेला माणूस नीट दिसत नसेल, तर अधिकच बावरतो.

चाळिशीचा प्रश्न वेगळा आहे. लांबचे मला या मास्कमधून उत्तम दिसते, पण हातातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. सपाट काचेमुळे 40 सेंटिमीटरवरचा पडदा डोळ्याला 30 सेंटिमीटरवर असल्यासारखा वाटतो आणि तेवढ्या जवळचे पाहण्याची ताकद या वयात उरलेली नसते. काही मास्कसाठी खालच्या भागात अधिक (प्लस) नंबर असलेल्या काचा मिळतात. छायाचित्रण करणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा. ज्यांना केवळ वाचण्यापुरता चष्मा लागतो आणि जे फक्त मासे पाहणार आहेत, त्यांनी साधाच मास्क घ्यावा.

पर्यायांविषयी थोडक्यात. मास्कच्या आत चष्मा घालणे शक्य नाही, कारण चष्म्याच्या काड्या कडेखालून जातात आणि पाणी आत येते. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कलाही हेच लागू आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांत बुडी मारताना नाक चिमटून कानांचा दाब सोडता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरणारे पुष्कळ आहेत, आणि मोठ्या सिलिंडरच्या लोकांना तो मार्ग सोयीचा वाटतो. परंतु लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये पाण्यातले सूक्ष्मजीव अडकून गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञ लेन्सला पाणी लागू देऊ नका, असेच सांगतात. वापरायच्याच असतील, तर एकदा घालून टाकून द्यायच्या वापराव्यात आणि मास्कमध्ये पाणी शिरताच डोळे मिटावेत.

नवा मास्क पहिल्या दिवशी फार वाफाळतो. कारखान्यातून येतानाच काचेच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा पातळ थर बसलेला असतो आणि त्यावर श्वासाची वाफ लगेच धरते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून, धुऊन, पुन्हा चोळावी. पाणी काचेवर थेंब न धरता सपाट पसरू लागले, की थर निघाला असे समजावे. नंबराच्या तयार काचांना हा उपाय चालतो, कारण त्या काचेच्याच असतात. चिकटवून घेतलेली काच प्लास्टिकची असेल, तर टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे उठतील. तिथे लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरेसा आहे. नंतर रोज उतरण्यापूर्वी लाळ किंवा तोच शाम्पू लावून मास्क विसळला, की तासभर काच स्वच्छ राहते.

मास्क उतरवल्यावर पुन्हा धूसर दिसू लागते, म्हणून चष्मा कडक डबीत घालून होडीतच हाताशी ठेवावा आणि पाण्यात असताना मास्क कपाळावर चढवू नये. एखादी लाट तो सहज ओढून नेते, आणि नंबराच्या काचांसकट गेलेला मास्क तारकर्लीच्या किनाऱ्यावर दुसरा मिळत नाही. किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून तो त्याच्या डब्यात ठेवावा. गाडीच्या काचेखालच्या उन्हात ठेवल्यास सिलिकॉनची कड वाकडी होते आणि मग दुकानात इतकी पारखून घेतलेली बसण जाते.