मंगळवेढा की सस्कॅचेवान: घड्याळ कुणाचं सोयीचं?

मंगळवेढ्यात रात्रीचे 8 वाजले की कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये सकाळचे साडेआठ. हा साडेअकरा तासांचा फरक बारमाही तोच, कारण तिथल्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. लेकाला फोन लावणाऱ्या आईसाठी केवढी सोय!

शेतीचं वेळापत्रक मात्र पार उलटं. तिकडे मेमध्ये पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी. ती उरकत येते तेव्हा इकडे काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरायची घाई. पुढे जमिनीतल्या ओलीवर ज्वारी वाढते, आणि डिसेंबर-जानेवारीत आगटीभोवती बसून गरम कणसं हातावर चोळत हुरडा खायचा (शेंगदाण्याच्या चटणीशिवाय तो हुरडाच नव्हे). त्याच दिवसांत तिथल्या सास्काटून शहराजवळच्या शेतांवर बर्फ. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य 9 नंतर उगवतो, 5 च्या आत मावळतो. जूनमध्ये तोच रात्री साडेनऊपर्यंत हलत नाही. आपल्याकडे सूर्योदय वर्षभरात फार तर सव्वा तासाने मागेपुढे.

शेजार म्हणाल तर तिकडची घरं शेतागणिक विखुरलेली, इकडे पारावर रोज बैठक. राहायला मला मंगळवेढाच बरा. मसूर मात्र त्यांची: भारतात आयात होणाऱ्या मसुरीतली बरीचशी तिथूनच येते.