‘फुकटातला’ स्ट्रायकर आम्हाला 61,700 रुपयांना पडला

राजेहो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचे 61,700 रुपये गेले, आणि ज्याच्यासाठी गेले तो खेळाडू म्हणे फुकटातला होता.

गाव विदर्भातल्या संत्र्याच्या पट्ट्यात. मृग बहार बरा निघाला, बागायतदारांनी वर्गणी दिली, क्लबकडे 1,10,000 जमले. आता जो तो ‘पैसे उधळले’ म्हणतो. उधळले नाहीत! बचाव आणि मिडफिल्ड गावच्या पोरांकडे, बाहेरून फक्त दोन माणसं, एक कीपर आणि एक स्ट्रायकर, तीही करार संपलेली. करार संपला की खेळाडू मोकळा, असं सांगणाऱ्या युरोपीय कोर्टाच्या 1995 च्या बॉसमन निकालानंतर युरोपातले कमी पैशांचे क्लब हेच करत आले आहेत. करार संपलेला गडी उचलायचा, जुन्या क्लबला छदाम द्यायचा नाही. यात काय चुकीचं होतं, सांगा.

खेळाडू पाहिजेत म्हणून फेसबुकवर टाकलं आणि त्या एजंटाचा फोन आला. ‘सर, फ्री ट्रान्सफर आहे, आय-लीगच्या क्लबमधून सुटलाय.’ गळ्यात फिफाचं कार्ड अडकवलेला स्वतःचा फोटो पाठवला, सोबत गोलांचा व्हिडिओ. पानठेल्यावर सगळ्यांनी पाहिला. कॅमेरा इतका लांब की गोल दिसतो, तोंड दिसत नाही. तरी सगळे म्हणाले, ‘घे ना बे, काय पाहून रायला!’ तेच आज मला शहाणपण शिकवतात.

टोकन 11,000. मग जुन्या क्लबच्या एनओसीचे 18,500. मेडिकल आणि विमा 9,800. तिकीट आणि खोलीचा ॲडव्हान्स 22,400.

तो एनओसीचा फोन आठवला की अजून डोकं सणकतं. मे महिना, लाइट गेलेली, घरात पुतणीच्या लग्नाचे पाहुणे. तो म्हणाला, ‘सर, आज रात्री बाराला विंडो बंद होते, मग डायरेक्ट जानेवारी.’ मे महिन्यात! आपल्याकडची उन्हाळी विंडो, म्हणजे खेळाडू बदलायची मुदत, साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑगस्टअखेर मिटते. युरोपातल्या विंडोच्या शेवटच्या रात्री मी दरवर्षी जागतो. गावात हे कोणाला माहीत असेल तर मला. आणि मीच पंगतीतून उठून उष्ट्या हाताने मोबाईल धरला, क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं कोण्या मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं, हो, विचारलं! ‘अकाउंटंटचं दुकान आहे सर, जीएसटीमुळे.’ जीएसटी म्हटलं की माणूस गप्प बसतो. तुम्हीही बसला असता. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते मोठ्याने वाचा, घरच्यांना ऐकू जाईल असं.

एनओसी आली, सही-शिक्क्याची झकास पीडीएफ. नोंदणीकृत खेळाडूची बदली ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत ऑनलाइन होते. नुसता शिक्क्याचा कागद आला तर तिथेच थांबा. एजंटांचे परवाने फिफाने 2023 पासून परीक्षा घेऊन पुन्हा सुरू केले, परवानाधारकांची यादी फिफाच्या साइटवर कोणालाही पाहता येते. गळ्यातलं कार्ड तर कोणताही झेरॉक्सवाला बनवून देतो.

स्टेशनवर गाडी पाठवली, डिझेल आमचंच. रिकामी परत आली. फोन बंद.

मग ठाणं. साहेबांचा पहिला प्रश्न, ‘इकडे फुटबॉल कोण खेळतं?’ नागपूरजवळच्या कामठीचं फुटबॉल ज्याला माहीत नाही त्याची बदली इकडे करतातच काहून? दुसरा प्रश्न, ‘पैसे तुम्हीच पाठवले ना? मग गुन्हा कसला?’ भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, साहेब! मग म्हणे खातं परराज्यातलं, तिकडे जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, खबर घ्यावीच लागते. मोबाईलवर काढून दाखवलं तर ‘तू वकील आहे का?’ शेवटी साध्या अर्जावर पोच दिली. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रारीचा नंबर मिळाला. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा, आणि शिक्का ज्याच्या हातात तो मॅनेजर ट्रेनिंगला! एका क्रीडा अधिकाऱ्याने तर क्लबचं धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र मागितलं. म्हणजे चोर पकडायला आधी आम्ही घटना लिहायची, विश्वस्त नेमायचे, ऑडिट करायचं. चोराकडे कोणी कागद मागत नाही.

1930 ला पैसे गेल्या गेल्या फोन करा. आम्ही गाडीची वाट पाहत बसलो, तोवर तिकडचं खातं रिकामं झालं. चॅट डिलीट करू नका. आमच्या खजिनदाराने रागाच्या भरात केले.

उरलेल्या 48,300 मधून कामठीचा एक कीपर बोलावतो आहोत. पैसे मॅच झाल्यावर, मैदानावर, सगळ्यांसमोर. स्ट्रायकर गावचाच, डाव्या पायाने जरा कच्चा आहे. तोंड न दिसणारा तो गोलांचा व्हिडिओ तुमच्या क्लबकडेही आला असेल तर टोकन देऊ नका, आणि दिलं असेल तर कळवा, तक्रार सोबत करू.