नांदूरमध्यमेश्वरचा मार्गदर्शक आणि एक पाणलावा

जानेवारीत आम्ही सहा जणांनी नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात एका स्थानिक मार्गदर्शकासोबत तीन तास पक्षीनिरीक्षण केले. मार्गदर्शकाची पारख त्याने दाखवलेल्या पक्ष्यांच्या संख्येवरून करायची सवय आपल्याला लागली आहे. ती चुकीची आहे, असे या फेरीनंतर माझे ठाम मत झाले आहे.

अभयारण्य नाशिकहून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्यातूनच आजची उथळ पाण्याची, गवताची, चिखलाची पाणथळ जागा तयार झाली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली.

निफाडच्या थंडीत सकाळी साडेसहाला आमचे मार्गदर्शक, म्हणजे दादा, ठरल्या जागी आमच्याआधी हजर होते. मानधन त्यांनी फोनवरच स्पष्ट सांगितले होते. शेकाटे, मोर शराटी आणि जांभळ्या पाणकोंबड्या पहिल्या अर्ध्या तासातच दिसल्या. त्यानंतर चिखलाच्या कडेला, वाळक्या गवताला अगदी चिकटून बसलेला पाणलावा (इंग्रजीत स्नाइप) त्यांनी दुर्बिणीत धरून दिला. मला तो बराच वेळ मातीचे ढेकूळच वाटत होता. मग पाठीवरचे फिकट पिवळसर लांब पट्टे दिसू लागले, पाठोपाठ डोक्यावरचे पट्टे आणि सरळ लांब चोच. ती चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चिखलात वरखाली होत होती. चोचीचे टोक लवचिक असते आणि चिखलाच्या आत असतानाच ते उघडून तो किडे पकडतो, हे दादांनी सांगितले तेव्हा सगळेच गप्प होऊन पाहू लागले.

आमच्यापैकी एकाने लगेच ‘कॉमन स्नाइप’ अशी पाणलाव्याच्या जातीची नोंद केली. दादांनी त्याला थांबवले. येथे हिवाळ्यात पिनटेल स्नाइप ही पाणलाव्याची दुसरी जातही येऊ शकते आणि बसलेल्या पक्ष्यावरून या दोघांत फरक करणे फार जोखमीचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. उडताना कॉमन स्नाइपच्या पंखाची मागची कड स्पष्ट पांढरी दिसते. पिनटेलला ती कड जवळजवळ नसते, पंखाची खालची बाजू अधिक गडद असते आणि पाय शेपटीच्या बरेच बाहेर येतात. “मग उडवून बघू या,” असे कोणी तरी म्हणाले, तेव्हा दादा शांतपणे म्हणाले, “आपण नाही उडवायचा. भोवत्या फिरतोय, तो उडवेल.” भोवत्या म्हणजे गवतावरून घिरट्या घालणारा शिकारी पक्षी.

आम्ही चाळीस मिनिटे थांबलो. दलदली भोवत्या गवतावरून कमी उंचीवरून गेला आणि पाणलावा खरखरीत आवाज काढत, नागमोडी वळणे घेत उडाला. पंखामागची पांढरी कड लख्ख दिसली. नोंद तेव्हा झाली, आणि ती आम्ही स्वतः पाहून केलेली होती.

उणीव एकच, पण महत्त्वाची आहे. सहा जणांत तिपाईवरची दुर्बीण एकच होती, त्यामुळे पक्षी उडाला त्या क्षणी तिघे जण आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते. दादांनी गट चार जणांपुरताच ठेवावा किंवा दुसरी दुर्बीण आणावी, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. जाणाऱ्यांनीही स्वतःची ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) हातात धरायची दुर्बीण जवळ ठेवावी. पहाटेच्या धुक्यात १०×४२ पेक्षा तिच्यात चित्र अधिक उजळ दिसते आणि हातही कमी हलतो.

परतताना उसाच्या बांधालगत, त्या मानाने कोरड्या गवतात, आणखी एक पाणलावा दिसला. पिनटेलला अशी जागा अधिक आवडते, म्हणून आम्ही आशेने दादांकडे पाहिले. तो पाच मिनिटांत गवतात चालत दिसेनासा झाला, उडालाच नाही. दादांनी वहीत लिहिले : ‘पाणलावा, १, जात निश्चित नाही.’ फेब्रुवारीत त्यांच्याचबरोबर पुन्हा जायचे आम्ही ठरवले आहे.