कान्झाशी : दहा महिने डोक्यात खोवल्यानंतर

माझे केस कमरेपर्यंत आहेत, पण दाट नाहीत आणि फार गुळगुळीत. सकाळी घातलेला अंबाडा डबा खायच्या वेळेपर्यंत मानेवर लोंबायला लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण केसांच्या कुठल्याही वस्तूबद्दल कुणी "छान बसते गं" म्हणालं की मी पहिल्यांदा त्या बाईचे केस बघते.

तोक्योत निशी-कासाईला राहून आता चौथं वर्ष चालू आहे. तीन वर्षं मी कान्झाशी, म्हणजे केसांत खोवायच्या जपानी शोभेच्या वस्तू, दुकानाच्या काचेबाहेर उभी राहूनच पाहिल्या. गेल्या सप्टेंबरात मात्र एकदम तीन वस्तू घेतल्या: लाल काचमण्याची काडी 2,800 येनला, रेशमी पाकळ्यांचं उमेचं म्हणजे जपानी प्लमचं फूल 9,500 ला, आणि त्सुगेची लाकडी फणी 13,000 ला. आज जुलै. तिन्ही वस्तू वापरून, भिजवून, दुरुस्त करून झाल्या आहेत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त वापरली गेली. 'तामा कान्झाशी'. तामा म्हणजे गोळा. धातूची दोन पायांची काडी आणि वर बोराएवढा मणी, बस्स. मण्याच्या वर एक चपटं, किंचित वाकवलेलं टोक आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं माल सदोष आला. ते म्हणजे चक्क कानकोरणं! एदो काळातल्या (1603 ते 1868) कान्झाशींना असं टोक असायचं, आणि आजही जुन्या घाटणीच्या काडीला ते ठेवतात. माझ्या काडीचं टोक इतकं बोथट आहे की कानात काही कामाचं नाही, पण काढताना धरायला बोटांना बरं पडतं.

काडी घालायची एक रीत आहे, आणि ती जमेपर्यंत मी तीन आठवडे वैतागले होते. केस पिळून बुचडा करायचा. मग काडी सरळ आत खुपसायची नाही. टोक आधी बुचड्याच्या बाहेरच्या दिशेला धरून कडेचे थोडे केस उचलायचे, तिथून काडी उलटी फिरवायची, आणि आता टोक आतल्या बाजूला वळवून, डोक्याला अगदी घासून, बुचड्याखालून पलीकडे ढकलायची. त्या उलट्या फिरवण्यात सगळी मेख आहे. केसांना पीळ बसतो आणि काडी त्या पिळावर अडकते. नीट बसली की "टक्" असं काहीतरी जाणवतं, ऐकू येत नाही. तेवढं जाणवलं नाही तर काढून पुन्हा घालायची, "बसेल हळूहळू" असं स्वतःला समजवायचं नाही.

नऊ ते साडेसहा ऑफिस, मधे दोन वेळा जिने. अंबाडा जागचा हलत नाही. मैत्रिणीची एका पायाची काडीही आठवडाभर वापरून पाहिली. माझ्या केसांत ती तासाभरात निसटायची. दाट, राठ केसांना एक पाय पुरतो, माझ्यासारखीनं दोन पायांचीच घ्यावी. आणि न्हाल्याच्या दिवशी दोन पायांचीही बसत नाही. दुसऱ्या दिवशी, खोबरेलाचं बोट फिरवल्यावर, उत्तम.

आता तक्रारी. सोळा सेंटिमीटरची काडी म्हणजे तोझाई लाइनच्या सकाळच्या गर्दीत मागच्या माणसाच्या हनुवटीला धोका. मी स्टेशनवर काढून पर्समध्ये टाकते आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये पुन्हा घालते. खुर्चीला उंच पाठ असेल तर मान टेकता येत नाही. सायकलवरून जायचं तर विसराच. एप्रिल 2023 पासून इथे सगळ्या सायकलवाल्यांनी हेल्मेट घालावं असं कायदा सांगतो, आणि अंबाडा नि हेल्मेट एका डोक्यावर नांदत नाहीत.

एप्रिलमध्ये आई आली सांगलीहून. माझी सकाळची कसरत तिनं दाराशी उभं राहून पाहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला आकडाच की! एवढं काय त्यात?" आणि काडी माझ्या हातातून घेऊन, आरशात न बघता, एका झटक्यात स्वतःच्या अंबाड्यात बसवली. चाळीस वर्षं आकडे खोवलेला हात. मला तीन आठवडे लागले होते.

आता फुलाकडे. यावर जरा लिहीन, कारण पैसे त्यात गेले आणि अक्कलही त्यातूनच आली.

हे फूल करायच्या कलेचं नाव 'त्सुमामी', म्हणजे चिमटीत धरणं. हाबुताए नावाच्या पातळ, झुळझुळीत रेशमाचे लहान लहान चौकोन कापतात आणि एकेक चौकोन चिमट्यानं दुमडून त्याची पाकळी करतात. शिवण कुठेही नाही. ही कला क्योतोहून एदोत म्हणजे आजच्या तोक्योत आली आणि इथे 'एदो त्सुमामी कान्झाशी' या नावानं रुजली. तोक्योच्या पारंपरिक हस्तकलांच्या यादीत ती आहे. नोव्हेंबरात 'शिची-गो-सान'ला तीन आणि सात वर्षांच्या मुली देवळात नेतात, त्यांच्या डोक्यावर झुलणारी फुलं बहुतेक याच प्रकारची असतात.

फूल घेतल्यावर दोन महिन्यांनी मी एका छोट्या वर्गाला जाऊन बसले. दोन तासांत एक फूल करायचं. सेन्सेई म्हणजे शिकवणाऱ्या, सत्तरीच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, चिमटा हातात असा की जणू सहावं बोट. अडीच सेंटिमीटरचा चौकोन कर्णावर दुमडायचा, त्रिकोण झाला. तो पुन्हा अर्धा दुमडायचा. इथून दोन वाटा. तिसऱ्यांदाही अर्धाच दुमडला तर टोकदार पाकळी होते, तिला 'केन' म्हणजे तलवार म्हणतात. शेवंतीला ती लागते. आणि तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंची टोकं मागे वळवून वर नेली तर गोल पाकळी, 'मारु'. उमेला पाच मारु. ऐकायला मोदकाच्या कळ्यांहून सोपं. पण उकडीला ओल असते, ती ऐकते. रेशीम ऐकत नाही. माझी पहिली पाकळी चिमट्यातून उडाली आणि शेजारणीच्या चहात पडली.

दुमडलेल्या पाकळ्या एका पाटीवर लावलेल्या खळीत बुडं टेकवून ओळीनं उभ्या करतात. हो, खळच, तांदळाची. आपण सुती साडीला करतो तिची घट्ट बहीण. बुडाला खळ मुरली की पाकळ्या एकेक उचलून गोल बैठकीवर मांडायच्या. या मांडण्याला सेन्सेई 'फुकु' म्हणाल्या. मला वाटलं फुंकायचं आहे! घराचं छप्पर गवतानं किंवा कौलांनी शाकारतात ना, त्याला जपानीत हा शब्द आहे. फूल शाकारायचं. इतकं नेमकं क्रियापद मला मराठीत आधीपासून ठाऊक होतं आणि ते मी वीस वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं.

खळीचा फायदा असा की ती लगेच सुकत नाही. पाकळी मांडल्यावरही चिमट्याच्या टोकानं तिचं तोंड उघडता येतं, कड सारखी करता येते, शेजारणीशी अंतर जुळवता येतं. याआधी मी एका पर्यटनस्थळी 1,200 येनचं असंच दिसणारं फूल घेतलं होतं. ते पॉलिएस्टरचं, गरम गोंदानं चिकटवलेलं. उजेडात धरलं तर पाकळ्यांमधून गोंदाचे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. लांबून फरक कळत नाही. हातात घेतलं की वजनातच कळतो.

खळीचा तोटा मला जूनमध्ये कळला. एका सहकाऱ्याचं लग्न होतं. मी पैठणी नेसले आणि अंबाड्यात गुलाबी उमे खोवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई जवळ येऊन हसत म्हणाल्या, "किती गोड उमे. एकदम फेब्रुवारीची आठवण आली." मी थँक यू म्हणून मोकळी. घरी येताना ट्रेनमध्ये डोक्यात प्रकाश पडला. पुणेरी टोमणा बरा, निदान लागल्याचं जागच्या जागी कळतं.

चूक माझीच. इथे डोक्यातलं फूल ऋतूप्रमाणे, तेही खरं फूल फुलायच्या जरा आधी घालायचं. सप्टेंबरात उमे सवलतीत मिळालं तेव्हाच शंका यायला हवी होती. क्योतोच्या माइकोंचं म्हणजे शिकाऊ गेइकोंचं (गेइशांना तिथे गेइको म्हणतात) तर महिनावार पंचांगच असतं: फेब्रुवारीत उमे, एप्रिलात साकुरा, मे महिन्यात फुजीचे म्हणजे विस्टेरियाच्या वेलीचे जांभळे घोस, नोव्हेंबरात मेपलची लाल पानं. नवीन वर्षाला खरी भाताची लोंबी आणि तिच्यासोबत एक पांढरा पक्षी, ज्याला डोळा रेखलेला नसतो. तो आवडत्या माणसाकडून रेखून घ्यायचा. डिसेंबरात दोन कोऱ्या इवल्या पाट्या असतात, त्यांवर मिनामिझा नाट्यगृहात आलेल्या आवडत्या काबुकी नटांची नावं त्यांच्याच हातून लिहून घ्यायची. पहिल्या वर्षाच्या माइकोच्या फुलाला गालाशेजारी झुलणारी झालर असते, पुढे ती जाते. म्हणजे जाणत्या माणसाला डोक्याकडे बघून महिनाही कळतो आणि पोरगी किती नवी तेही. माइकोचे केस स्वतःचे असतात. बांधलेली केशरचना आठवडाभर टिकवायला उंच उशीवर मान ठेवून झोपावं लागतं. माझं घोरणं बघता मला ते जमलं नसतं.

तर, लग्नाहून परतताना पाऊस. त्सुयु म्हणजे इथला पावसाळा चालू, छत्री होती, पण वारा आडवा. घरी येऊन बघते तर दोन पाकळ्यांची तोंडं उघडून पसरलेली आणि तिसरी पार सुटून केसांत अडकलेली. शाकारणी वाहून गेली. मी सेन्सेईंकडे गेले, जरा ओशाळूनच. त्या अजिबात हळहळल्या नाहीत. ओल्या फडक्यानं सुटलेल्या पाकळ्यांची जुनी खळ भिजवून काढली. एकीवर पाण्याचा डाग पडला होता, तिच्या जागी नवी दुमडली. रंग हातानं दिलेला असल्यामुळे अगदी तोच जुळला नाही, निरखून पाहिलं तर एक पाकळी किंचित फिकी दिसते. 1,500 येन. गरम गोंदाचं फूल असतं तर पावसात टिकलं असतं, पण एकदा मोडल्यावर कुणी उघडून दिलं नसतं. पुन्हा विकत घ्यायची वेळ आली तर मी खळीचंच घेईन आणि सोबत झाकणाचा डबा. डब्यात ओल शोषायची पुडी ठेवते, वर काही रचत नाही.

फणीबद्दल थोडक्यात. त्सुगे हे पिवळसर, घट्ट, दाणेदार नसलेलं लाकूड. तोक्योच्याच हद्दीतल्या मिकुराजिमा बेटाचं नावाजलेलं, आणि दक्षिणेत कागोशिमाचं. पाणी लावायचं नाही, कधीच नाही. महिन्या-दीड महिन्यानं कॅमेलियाच्या बियांचं तेल जुन्या टूथब्रशनं दातांमध्ये फिरवायचं, रात्रभर ठेवून पुसायचं. मी एकदा आळसानं खोबरेल लावलं. थंडीत ते गोठून दातांत पांढरं बसलं. गुंता न तुटता सुटतो, थंडीत प्लास्टिकच्या कंगव्यानं केस चटचट उभे राहायचे ते बंद झालं. रंगही लोण्याचा होता तो आता फिक्या मधाकडे चाललाय. तिन्हींत हीच वस्तू पुढच्या पिढीला जाईल असं वाटतं. फक्त ती कुणाला भेट देताना जपून. फणीला 'कुशी' म्हणतात, आणि 'कु' म्हणजे कष्ट, 'शी' म्हणजे मृत्यू अशी फोड करणारी मंडळी इथेही आहेत. गंमत म्हणजे हेच दोन उच्चार नऊ आणि चारचेही, म्हणून 4 सप्टेंबर हा फणीचा दिवस.

भारतातून येणाऱ्यांना एक सांगणं. जुन्या बाजारात मधाळ, पारदर्शक, तपकिरी ढगांची फणी किंवा काडी दिसेल. ते बेक्को, समुद्री कासवाचं कवच. डोळे फिरतात इतकं सुंदर. पाणी आणि उष्णता यांनी कवचाचे थर एकमेकांना जोडतात, गोंद नाही. पण या कासवाच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, तेव्हा ते बॅगेत घालून विमानात बसू नका. बघायची हौस असेल तर तोक्योच्या पश्चिमेकडच्या ओमे शहरात तामा नदीकाठच्या फणी-कान्झाशी संग्रहालयात जा. तिथल्या लाखेच्या फण्यांवरचं चित्र पुढून वळून पाठीवर जातं; पुढे अर्धी फांदी, उरलेली मागे, जी फक्त मागून चालणाऱ्याला दिसणार. मी आई आली तेव्हा तिला नेलं होतं. ती एका फणीसमोर इतका वेळ उभी राहिली की मी बाहेर जाऊन नदी बघून आले.

लाल मण्याची काडी आता माझ्याकडे नाही. आई जाताना सहज डोक्यात घालून गेली आणि विमानतळावर मला ती परत मागवेना. मी दुसऱ्या दिवशी तशीच एक आणली. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर सोन्याच्या फुलाच्या शेजारी ती काडी, आणि आईची तक्रार की इंचभर लांब आहे, देवघरात वाकलं की साडीच्या पदरात अडकते. क्योतोच्या माइको जून ते सप्टेंबर लाल मणी काढून हिरवा घालतात हे तिला मी मागे कधीतरी सांगितलं होतं. ते नेमकं लक्षात ठेवलंय तिनं. "जुलै लागला ना गं?" म्हणाली. "मग हिरवी कधी पाठवतेस?"