वक्तृत्वाचा वीकेंड क्लास : समारोपाचं सेशन भारी, बाकी ठीकठाक

ऑफिसमधल्या एका सीनियर मॅडमचा सेंडऑफ आहे आणि निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून पुण्यात एका संस्थेचा (नाव मुद्दाम देत नाही) शनिवार-रविवारचा क्लास लावला. शनिवार वाया गेला म्हणा ना, उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, माइक किती लांब धरायचा, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे, आणि बॅचमध्ये माणसं इतकी कोंबलेली की प्रत्येकाला बोलायला जेमतेम दोन मिनिटं.

पण रविवारी दुपारी फक्त भाषण संपवायचं कसं यावर सेशन होतं, तिथे पैसे वसूल. सरांनी आधी आपल्या कार्यक्रमांची सालटीच काढली, प्रास्ताविक लांबतं, पाहुणे लांबतात, अध्यक्षांचा नंबर येईस्तोवर लोकांचं लक्ष चहाकडे, आणि अध्यक्ष "आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे" म्हणत अर्धा तास खातात, त्यात "शेवटी एकच सांगतो" तीनदा.

मग बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण घेतलं. त्यातला राजकारणातल्या भक्तीचा आणि राजकारणात समता पण समाजात विषमता या विसंगतीचा भाग सगळ्यांना माहीत असतो, शेवट कोणी बघतच नाही. लोकांसाठीचं सरकार की लोकांनी स्वतः चालवलेलं, असं एक लांबलचक वाक्य आणि त्याच्या मागून एकदम दोन छोटी, देशसेवेचा हाच एक मार्ग, याहून चांगला मला माहीत नाही. संपलं! मे 1996 चं वाजपेयींचं लोकसभेतलं पण दाखवलं, तिथे शेवट म्हणजे थेट बातमीच, राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे निघालोय. (आपल्याला अशी संधी कुठली मिळायला.)

एक्सरसाइज साधा होता, शेवटचं वाक्य आधी लिहायचं आणि तेवढंच पाठ करायचं, बाकी मुद्द्यांवरून बोलायचं, ते वाक्य कागदाकडे न बघता म्हणायचं आणि लगेच धन्यवाद पुटपुटत पळायचं नाही. एका काकूंना शाळेतल्या शिपाईमामांच्या रिटायरमेंटला बोलायचं होतं, त्यांनी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" काढून टाकलं आणि "मामा, उद्या घंटा कोण देणार?" एवढंच विचारून खाली बसल्या, आम्ही टाळ्या वाजवायच्याच विसरलो.

शेवटी कविता नकोच हे सरांचं म्हणणं मात्र मला पटलं नाही, निरोप समारंभात एखादी चारोळी चालते की.

नोट्सची झेरॉक्स फिकट, एसी बंद. नुसती रविवारची दुपार वेगळी मिळेल का विचारलं तर नाही म्हणाले. साडेतीन स्टार.